सोसायटीच्या एसटीपीला हायपोचं मशीन बसवताय? आधी कामाचा क्रम नीट लावा

हायपोचे (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं द्रावण) कॅन बंद केले, मिठाच्या पाण्यातून करंट सोडून जागच्या जागी क्लोरीन बनवणारं मशीन आणलं, की एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं) पाणी फ्लशला आणि बागेला बिनधास्त वापरता येईल असं धरून चालणाऱ्या सोसायट्या हल्ली बऱ्याच भेटतात. तीन-चार महिन्यांनी त्यांची तक्रारही ठरलेली असते, मशीन तर मस्त चालतंय पण लॅबच्या रिपोर्टमध्ये कोलिफॉर्म (विष्ठेतले जंतू असल्याची खूण) येतोच आणि फ्लशच्या टाकीला वास मारतोच. बहुतेक वेळा मशीनचा काही दोष नसतो. आधी मशीन घेतलं, मग ते कुठे जोडायचं ते ठरवलं, मग पाण्यात अमोनिया आहे हे कळलं आणि सगळ्यात शेवटी टाकी बघितली, असा सगळा उलटा कारभार झालेला असतो.

खाली जे लिहिलंय ते साधारण ५० ते ३०० केएलडीच्या (दिवसाला तितके हजार लिटर) सोसायटी एसटीपीसाठी आहे. आकडे सगळीकडे १०० केएलडी धरून दिलेत, तुमच्या प्लांटप्रमाणे गुणाकार-भागाकार करून घ्या.

१. आधी मशीनचा प्रकार ठरवा

बाजारात मुख्यतः दोन प्रकार दाखवतात. पहिल्यात ट्रीट झालेलं पाणीच थेट इलेक्ट्रोडमधून जातं आणि पाण्यात मुळात जे क्लोराइड असतं त्याचंच क्लोरीन बनतं, मीठ लागत नाही. ऐकायला भारी वाटतं, पण धरणाचं पाणी पिणाऱ्या शहरांतल्या सांडपाण्यात क्लोराइड कमी असतं, त्यामुळे करंट भरपूर खर्च होतो आणि क्लोरीन थोडंच निघतं, वर बोअर-टँकरचं पाणी मिसळत असेल तर त्यातला कॅल्शियम कॅथोडवर (निगेटिव्ह प्लेटवर) पांढऱ्या थराने बसतो आणि दर थोड्या दिवसांनी सफाई काढावी लागते.

दुसऱ्यात मिठाचं स्वच्छ पाणी वेगळं बनवून त्याचं ०.६ ते ०.८ टक्क्याचं हायपो करतात आणि ते डोसिंग पंपाने ट्रीटेड पाण्यात सोडतात. सोसायटीसाठी माझं मत सरळ दुसऱ्याच्या बाजूने. इलेक्ट्रोड घाण पाण्याला शिवत नाही, आणि मशीन दोन तास बंद पडलं तरी टाकीत तयार हायपो असतं.

डायमंड कोटिंगचा इलेक्ट्रोड कोणी गळ्यात मारत असेल तर सोसायटीने त्या नादी लागू नये. तो किमतीला जड आहेच, शिवाय क्लोराइड असलेल्या पाण्यात त्यातून क्लोरेट-परक्लोरेटही जास्त तयार होतं.

२. कोटेशन मागवायच्या आधी पाणी मोजा

सॅम्पल एसीएफच्या (कार्बनच्या फिल्टरच्या) आउटलेटचं घ्या, क्लॅरिफायरचं (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीचं) नको. वेळ सकाळी आठ ते दहाची, जेव्हा सगळा लोड अंगावर येतो. दुपारी तीनचं निवांत सॅम्पल सगळ्यांचं छान येतं, त्याचा उपयोग नाही. एक सॅम्पल रविवारचंही घ्या, कारण त्या दिवशी कपडे-आंघोळी सगळं पुढे सरकलेलं असतं.

काय मोजायचं: टर्बिडिटी (गढूळपणा, एनटीयूमध्ये मोजतात), अमोनियाचा नायट्रोजन, नायट्राइट, पीएच आणि क्लोराइड.

टर्बिडिटी २ एनटीयूच्या आत पाहिजे. गाळाच्या कणात दडलेल्या जंतूपर्यंत क्लोरीन पोचतच नाही, बाहेरच्या थरावरच खर्च होऊन जातं. आणि जंताची अंडी, क्रिप्टोस्पोरिडियम यांना तर क्लोरीन फारसं काही करतही नाही, ती गाळणीतच अडकायला हवीत. पीएसएफची, म्हणजे वाळूच्या फिल्टरची, वाळू कधी बदलली आणि बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं) रोज होतो की फक्त वहीत होतो, ते इथे आधी बघून घ्या.

अमोनिया हा खरा खलनायक. क्लोरीन पाण्यात पडल्या पडल्या अमोनियाशी जुळतं आणि क्लोरामाइन बनतं, जे जंतू मारायला बरंच कमजोर असतं. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पूर्ण संपवायला हिशोबाने ७.६ मिलिग्रॅम क्लोरीन लागतं, प्रत्यक्षात ८ ते १०. म्हणजे तुमच्या पाण्यात लिटरला ५ मिलिग्रॅम अमोनिया असेल तर ४० ते ५० मिलिग्रॅम क्लोरीन नुसतं त्यालाच पाजायचं, जंतूंची पाळी त्याच्या नंतर. एवढं मोठं मशीन घेण्यापेक्षा एरेशन (टाकीत हवा सोडणं, ज्यावर अमोनिया जिरवणारे जंतू जगतात) सुधारा, ते कितीतरी स्वस्त पडतं.

नायट्राइट लोक मोजतच नाहीत. १ मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन ५ मिलिग्रॅम क्लोरीन खातो. अमोनिया अर्धवट जिरलेला असला की हा वाढतो, आणि मग काल पुरत होता तो डोस आज का पुरत नाही हे कोणालाच कळत नाही.

या दोन्हीचं मूळ बऱ्याचदा एकच निघतं, लाइटबिल वाचवायला रात्री एरेशनचा ब्लोअर बंद ठेवणं. कमिटीला बिलात वाचलेले पैसे दिसतात, मिठात आणि बिघडलेल्या रिपोर्टमध्ये गेलेले दिसत नाहीत. एरेशन टँकमध्ये विरघळलेला ऑक्सिजन २ मिलिग्रॅमच्या आसपास राहू द्या. तो असूनही अमोनिया उतरत नसेल तर अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) तपासा, कारण १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन जिरवायला साधारण ७ मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते आणि ती संपली की ते काम तिथेच अडकतं.

पीएच ७ ते ७.५ मध्ये असेल तर उत्तम. क्लोरीनचं जे रूप जंतू मारतं ते ७.५ ला साधारण निम्मं असतं, ८.५ ला जेमतेम दहा टक्के उरतं.

चेक: टर्बिडिटी २ च्या आत, अमोनिया-नायट्रोजन १ च्या आत, नायट्राइट जवळजवळ नाही. हे जमत नसेल तर इथेच थांबा, पुढचे टप्पे वाचून फायदा नाही.

३. डोसिंगची जागा आणि काँटॅक्ट टँक

सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथली आहे. बऱ्याच प्लांटमध्ये हायपोची नळी क्लॅरिफायरनंतरच्या टाकीत सोडलेली असते, तिथून पाणी पीएसएफ आणि मग एसीएफमधून जातं. एसीएफ म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन, आणि कार्बनचं एक कामच क्लोरीन काढून टाकणं आहे! महिनोन्‌महिने क्लोरीन ओततायत, ते कार्बनमध्ये जिरतंय, आणि पुढच्या टाकीत रेसिड्युअल (उरलेलं क्लोरीन) शून्य. डोसिंग एसीएफच्या नंतरच. नळीचं टोक पाइपच्या मधोमध जाईल असं बसवा, नुसतं टाकीत वरून ठिबकत ठेवू नका.

आता टाकी. क्लोरीनला जंतू मारायला वेळ लागतो, आणि टाकीत पाणी किती वेळ थांबतं हे टाकीच्या मापावरून काढलं की फसगत होते. समजा फिल्टर फीड पंप तासाला १० हजार लिटरचा आहे आणि टाकी १० हजार लिटरची. कागदावर ६० मिनिटं. पण इनलेट आणि आउटलेट एकाच बाजूला असतील आणि मध्ये आडोसा नसेल तर काही पाणी पाच-सात मिनिटांतच बाहेर पडतं, आणि जंतू त्याच पाण्याबरोबर जातात. टाकीत नागमोडी आडव्या भिंती घातल्या की त्याच टाकीत चाळीसेक मिनिटं खरी मिळू शकतात.

दुसरी भानगड लेव्हलची. फ्लशचा पंप ज्या टाकीतून ओढतो तीच काँटॅक्ट टँक असेल तर सकाळी लेव्हल उतरते आणि नेमका गर्दीच्या वेळी वेळ कमी मिळतो. म्हणून टाकीत एक पार्टिशन टाका, पहिला भाग कायम भरलेला राहील आणि वरून ओसंडून पाणी साठवणीच्या भागात पडेल.

खरा वेळ मोजायची घरगुती पद्धत: २ किलो मीठ २०० लिटरच्या ड्रममध्ये पूर्ण विरघळवा, घट्ट द्रावण ओतू नका, ते तळाशी जाऊन बसतं. हायपोचं डोसिंग तेवढ्यापुरतं बंद ठेवा. फीड पंप नेहमीच्या फ्लोवर चालू ठेवून हे पाणी इनलेटला भरभर सोडा आणि आउटलेटला टीडीएस मीटर घेऊन दर मिनिटाला आकडा लिहा. आकडा ज्या मिनिटाला वर सरकायला लागतो तो तुमचा हमखास मिळणारा वेळ.

चेक: तो वेळ ३० मिनिटांच्या खाली असेल तर आडोसे वाढवा. ३० ही चैन नाही, किमान आहे. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वापराच्या नियमात क्लोरीनने निर्जंतुक करायचं तर किमान ९० मिनिटं मागतात, आणि रेसिड्युअल गुणिले मिनिटं हा आकडा ४५० च्या खाली चालत नाही.

४. डिमांड टेस्ट

टाकीत किती मिनिटं मिळतात ते कळलं, आता पाणी किती क्लोरीन खातं त्याची तेवढ्याच मिनिटांची टेस्ट करायची.

मशीन अजून आलेलं नाही म्हणून बाजारातलं ताजं हायपो घ्या, पण लेबलवरच्या टक्क्यांवर विश्वास ठेवू नका, उन्हात राहिलेला कॅन भराभर उतरतो. ताकद टायट्रेशनने मोजा, रीत टप्पा ९ मध्ये आहे, फक्त कॅनचं हायपो आधी दहापट पातळ करून घ्या आणि उत्तराला दहाने गुणा. १० टक्के निघालं तर १० मिली हायपो १ लिटर पाण्यात टाका, हे झालं लिटरला १ ग्रॅमचं द्रावण. याचे १ मिली १ लिटर सॅम्पलमध्ये म्हणजे १ मिलिग्रॅमचा डोस, हिशोब तोंडपाठ राहतो.

एसीएफ आउटलेटच्या सकाळच्या पाण्याच्या पाच बाटल्या, डोस २, ४, ६, ८, १०. झाकून सावलीत ठेवा, टाकीत जितकी मिनिटं मिळाली तितक्या मिनिटांनी प्रत्येकात फ्री (मोकळं) आणि टोटल (मोकळं अधिक अमोनियाशी जुळलेलं) क्लोरीन मोजा. ज्या बाटलीत फ्री १ मिलिग्रॅमच्या पुढे राहिलं तो तुमचा डोस. टोटल भरपूर आणि फ्री काहीच नाही असं दिसलं तर पाण्यात अमोनिया आहे, परत टप्पा २.

हीच टेस्ट वेगवेगळ्या तीन-चार दिवशी करा आणि सगळ्यात वाईट आकडा धरा, सरासरी नको.

५. साइज काढा, मग कोटेशन

समजा डोस ६ मिलिग्रॅम निघाला. १०० केएलडीला दिवसाचं क्लोरीन ६०० ग्रॅम. या आकड्यावरून सगळं निघतं:

मीठ क्लोरीनच्या साडेतीन पट, म्हणजे दिवसाला २ किलोच्या थोडं वर. वीज १ किलो क्लोरीनला ५ ते ६ युनिट धरली तर ३ ते ३.६ युनिट. हायपो लिटरला ७ ग्रॅमचं, म्हणजे ८६ लिटर. या डोसने पाण्याचा टीडीएस वीसेक मिलिग्रॅमनेच वाढतो, त्यामुळे 'मिठामुळे बाग जळेल' ही भीती सोडून द्या. बाग जळते ती डोस बेफाम झाल्यावर क्लोरीनने.

१०० केएलडीला तासाला १०० ग्रॅमचं मशीन घेतलं तर रोज सहा तास चालतं, वाईट दिवसासाठी हात राखून राहतो. चोवीस तास चालवावं लागेल असं काठोकाठ मशीन घेऊ नका.

विक्रेत्याचा दावा तपासायचा एक पक्का मार्ग आहे. एका सेलमधून (इलेक्ट्रोडच्या प्लेटा असलेल्या कप्प्यातून) १ अँपिअर-तासाला १.३२ ग्रॅमपेक्षा जास्त क्लोरीन निघूच शकत नाही, आणि प्रत्यक्षात त्याच्या साठ-सत्तर टक्के मिळालं तरी चांगलं. कोटेशनमध्ये अँपिअर आणि सेलची संख्या लेखी मागा आणि स्वतः गुणून बघा.

सावधान: जुना डोसिंग पंप तसाच ठेवू नका. कॅनमधलं हायपो १० टक्क्याचं होतं, मशीनचं ०.७ टक्क्याचं, म्हणजे तेवढ्याच क्लोरीनसाठी जवळपास चौदापट हायपो ढकलायचंय. तासाला १० हजार लिटरच्या फ्लोला साडेआठ-नऊ लिटर तासाला लागतील आणि जुना पंप एक-दोन लिटरचा असतो. मशीन बसवलं आणि रेसिड्युअल गेलं, अशा केसमध्ये सगळ्यात आधी हेच बघावं.

पंपाचं वायरिंग फिल्टर फीड पंपाशी इंटरलॉक करून घ्या, फीड बंद तर डोसिंग बंद.

६. जागा आणि हायड्रोजन

कॅनच्या हायपोला ही भानगड नव्हती, त्यामुळे इथे सगळे गाफील असतात. मशीनमध्ये क्लोरीनबरोबर हायड्रोजन निघतोच, १ किलो क्लोरीनमागे साधारण ३४० लिटर. आपल्या उदाहरणात दिवसाला दोनशे लिटर. हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो. आणि सोसायटीचे एसटीपी असतात बेसमेंटमध्ये, जिथे छताला बीम असतात आणि दोन बीमच्या मधल्या खोक्यात हायड्रोजन जाऊन साठतो, कारण तो हवेपेक्षा खूपच हलका.

शक्य असेल तर मशीन बेसमेंटमध्ये ठेवूच नका, वर पत्र्याच्या शेडखाली ठेवा आणि हायपोची नळी खाली न्या. बेसमेंटमध्येच ठेवायचं असेल तर:

हायपोच्या टाकीचं झाकण बंद, तिच्यात छोट्या ब्लोअरने सतत हवा, आणि व्हेंटचा पाइप चढताच ठेवत इमारतीबाहेर मोकळ्या हवेत, कुठेही खाली वळण नाही. तासाला १०० ग्रॅमच्या मशीनचा हायड्रोजन तासाला ३५ लिटर, तो १ टक्क्याच्या खाली ठेवायला तासाला साडेतीन हजार लिटर हवा लागते, ब्लोअर याच्या तिप्पट-चौपट घ्या, तरी तो छोटाच असतो. ब्लोअर बंद पडला की रेक्टिफायर (सेलला डीसी करंट देणारं यंत्र) आपोआप ट्रिप झाला पाहिजे, आणि सेलमधलं पाणी थांबलं तरीही. व्हेंटच्या आणि टाकीच्या वर दिवा, स्विच, जंक्शन बॉक्स काही नको.

सावधान: डेमोच्या दिवशी ब्लोअरचा स्विच स्वतः बंद करून बघा. मशीन चालूच राहिलं तर पेमेंट थांबवा.

७. मीठ आणि पाणी

किराणा दुकानातलं आयोडीनचं मीठ नको, त्यात मीठ सुटं राहायला घातलेले पदार्थही असतात. मिठागराचं खडेमीठ स्वस्त मिळतं, पण त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, ते कॅथोडवर जाऊन बसतं. सॉफ्टनरसाठी मिळणारं रिफाइंड, बिनआयोडीनचं मीठ घ्या. पोत्यावर 'रिफाइंड' लिहिलंय म्हणून गप्प बसू नका, मूठभर मीठ सॉफ्ट पाण्यात विरघळवून बघा, पाणी गढूळ झालं किंवा तळाला चिखल बसला तर पोतं परत.

पाणी सॉफ्टनरचंच पाहिजे, हार्डनेस जितका शून्याच्या जवळ तितकं बरं. सॉफ्टनरचं रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने परत ताजं करणं) चुकलं की आठवड्यात सेलवर थर दिसतो. टँकरच्या पाण्यात लोह-मँगनीज असेल तर ते आधी काढावं लागेल, मँगनीज ॲनोडवर (पॉझिटिव्ह प्लेटवर) काळा थर धरतो.

सेलमध्ये जाणारं पाणी लिटरला २५ ते ३० ग्रॅम मिठाचं हवं. साधा टीडीएस मीटर एवढा वर जात नाही, त्यावर तोडगा असा: किचनच्या काट्यावर २८ ग्रॅम मीठ तोलून १ लिटर सॉफ्ट पाण्यात विरघळवा, त्यातलं १०० मिली घेऊन पाणी घालून १ लिटर करा, मीटरवर जो आकडा येईल तो भिंतीवर लिहून ठेवा. रोज सेलचं पाणी असंच दहापट पातळ करून त्या आकड्याशी जुळवायचं. मीटर कुठल्याही कंपनीचा असला तरी चालतं.

८. चालू-बंद करायचा क्रम

चालू करताना:
क) व्हेंट ब्लोअर चालू, पाच मिनिटं थांबा.
ख) सॉफ्ट पाण्याचा फ्लो चालू, रोटामीटर (फ्लो दाखवणारी नळी) बघा.
ग) मिठाचा पंप चालू, दोन मिनिटं जाऊ द्या.
घ) मग रेक्टिफायर, अँपिअर हळूहळू वाढवत न्या.
च) दहा मिनिटांनी व्होल्ट, अँपिअर आणि फ्लो वहीत लिहा.

बंद करताना आधी रेक्टिफायर, मग मिठाचा पंप, नुसतं पाणी पाच मिनिटं, आणि ब्लोअर सगळ्यात शेवटी, अर्ध्या तासाने. मेन स्विच एकदम पाडून घरी जाणारा ऑपरेटर टाकीत हायड्रोजन कोंडून जातो.

पहिल्या दिवसाचे व्होल्ट-अँपिअर जपून ठेवा, पुढच्या सगळ्या निदानाचा आधार तोच आहे. एजन्सी ऑपरेटर बदलत राहते, म्हणून हा क्रम मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरात मशीनशेजारी चिकटवा.

हायपो एक-दोन दिवसांपेक्षा जास्त साठवू नका. उन्हाळ्यात ताकद उतरते आणि क्लोरेट वाढतं. 'एकदाच आठवड्याचं करून ठेवू' हे लॉजिक मशीन घेण्याचा हेतूच घालवतं.

९. तपासणी

हायपोची ताकद, आठवड्यातून एकदा. ५ मिली हायपो पिपेटने फ्लास्कमध्ये, थोडं पाणी, चमचाभर पोटॅशियम आयोडाइड, ५ मिली ॲसिटिक ॲसिड. रंग एकदम गडद तपकिरी होतो. ०.१ नॉर्मल थायोसल्फेट ब्युरेटमधून सोडत जा, रंग गवतासारखा फिका पिवळा झाला की स्टार्चचे थेंब टाका, निळा-काळा होईल, आता थेंब-थेंब, निळा गेला की थांबा. ब्युरेटचा आकडा गुणिले ०.७१ म्हणजे लिटरला ग्रॅम. १० मिलीच्या आसपास आकडा आला तर हायपो ७ ग्रॅमचं आहे. स्टार्च आधीच टाकला तर शेवट नीट कळत नाही, ही घाई करू नका.

रेसिड्युअल, दिवसातून दोनदा. काँटॅक्ट टँकच्या आउटलेटला आणि सगळ्यात लांबच्या विंगच्या फ्लश टाकीला. ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) पिवळ्या रंगाचे किट वापरू नका, एसटीपीच्या पाण्याला स्वतःचाच पिवळसर रंग असतो आणि फ्री-टोटल वेगळं कळत नाही. डीपीडी (क्लोरीनला गुलाबी रंग देणारं किट) घ्या, एक नंबरच्या गोळीने फ्री, तीन नंबरची टाकली की टोटल.

डीपीडीची एक खोड लक्षात ठेवा. क्लोरीन फारच जास्त असेल तर गोळी टाकताना क्षणभर गुलाबी चमक येते आणि लगेच पाणी परत बिनरंगाचं होतं. ऑपरेटर 'क्लोरीन शून्य' लिहितो आणि डोस अजून वाढवतो, आणि चार दिवसांत लॉनच्या कडा पिवळ्या पडतात, बाथरूममध्ये स्विमिंग पूलचा वास येतो. शून्य दिसलं की तेच पाणी आधी दहापट पातळ करून परत बघायचं, मगच पंपाला हात लावायचा.

टार्गेट: काँटॅक्ट टँकच्या आउटलेटला फ्री १ ते १.५, लांबच्या टाकीला ०.२ ते ०.५. बागेची लाइन साठवणीच्या भागातूनच काढा, काँटॅक्ट टँकमधून थेट नको.

लॅबचं सॅम्पल, महिन्यातून एकदा. निर्जंतुक बाटली, आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेलं असलंच पाहिजे. ते नसेल तर लॅबला जाईपर्यंत वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. बाटली बर्फात ठेवा, सहा तासांच्या आत पोचवा.

रिपोर्ट वाचताना कुठल्या आकड्याशी तुलना करायची यात गल्लत होते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेतला १०० मिलीला १००० एमपीएन (फीकल कोलिफॉर्म जंतूंची अंदाजे संख्या) हा आकडा पाणी बाहेर सोडण्यासाठीचा आहे. घराघरातल्या फ्लशला तो लावू नका, तिथे सीपीएचईईओच्या (केंद्र सरकारची पाणी-सांडपाण्याची तांत्रिक संस्था) २०१३ च्या मॅन्युअलप्रमाणे फीकल कोलिफॉर्म शून्य धरायचा. आणि तुमच्या एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) कन्सेंटमध्ये जे लिहिलंय ते तर पाळायचंच.

१०. सेलची सफाई

तारीख बघून सफाई करू नका, व्होल्ट बघून करा. त्याच अँपिअरला आणि त्याच मिठाला व्होल्ट पहिल्या दिवसापेक्षा दहा-पंधरा टक्के चढले की वेळ झाली.

रेक्टिफायर बंद, एमसीबी पाडून त्याला कुलूप. सेल रिकामा करा आणि क्लोरीनचा वास पूर्ण जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवा. बाजारातलं तीसेक टक्क्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिड १ भाग, पाणी ५ भाग, आधी पाणी मग त्यात ॲसिड, हे सेलमध्ये भरा. फेस येईल, फेस थांबला की थर गेला, साधारण वीस-तीस मिनिटं. मग पाणी काढा आणि परत परत धुवा. वापरलेल्या ॲसिडचा आम्लपणा सोड्याने मारून ते थोडं थोडं इक्वलायझेशन टँकमध्ये सोडा.

सावधान: ॲसिड आणि हायपो एकत्र आले की क्लोरीन गॅस सुटतो, आणि बेसमेंटमध्ये तो जिवावर बेततो. सफाईचं पाणी हायपोच्या टाकीत जाणारा व्हॉल्व्ह आधी बंद, हातमोजे, गॉगल, एक्झॉस्ट चालू, आणि ऑपरेटर एकटा नको.

तारेच्या ब्रशने प्लेटा घासू नका. टायटॅनियमवर रुथेनियम-इरिडियम ऑक्साइडचा जो पातळ थर असतो तोच सगळी करामत करतो, तो खरवडला की प्लेट गेली. पोलॅरिटी उलटी करून आपोआप साफ होणारी मशीनं मिळतात, पण त्या उलटापालटीने कोटिंगचं आयुष्य कमी होतं, म्हणून कोटिंगची गॅरंटी किती तासांची आहे ते लेखी घ्या.

तक्रार आली तर कुठून सुरू करायचं

रेसिड्युअल गेलंय पण हायपोची ताकद बरोबर आहे: डोसिंग पंपात हवा अडकली का बघा, या हायपोत हायड्रोजनचे बुडबुडे असतात आणि पंप नुसता टकटक करत राहतो, ढकलत काहीच नाही. पंप ठीक असेल तर अमोनिया आणि नायट्राइट मोजा, रात्री एरेशनचा ब्लोअर चालू होता का ते ऑपरेटरला नाही, मीटरला विचारा.

ताकदच कमी आलीय: व्होल्ट चढलेत आणि मिठाचं पाणी पातळ आहे, तर मीठ. मीठ बरोबर आहे आणि व्होल्ट चढलेत, तर थर. सफाई करूनही व्होल्ट खाली येत नाहीत, तर कोटिंग संपलं.

रेसिड्युअल छान आहे तरी कोलिफॉर्म येतोय: टर्बिडिटी बघा, मग जे मोजताय ते फ्री आहे की टोटल ते बघा, मग काँटॅक्ट टँकची मिठाची टेस्ट परत करा, पार्टिशनला भोक पडलेलं असू शकतं. हे तिन्ही ठीक असेल तर ज्या नळाचं सॅम्पल घेतलं तो नळ बघा, पाइपच्या टोकाला वर्षानुवर्षं न उघडलेल्या नळाच्या तोंडाशीच शेवाळ असतं. नळाचं तोंड घासून पुसून, पाच मिनिटं पाणी सोडून, परत सॅम्पल घ्या.